पुडीवरचं नाव

आमच्या वाचनालयाच्या ट्रस्टला करसवलत मिळावी म्हणून मी सांगलीला वकिलांकडे अर्ज भरायला गेलो होतो. शेजारी कडेगावकडच्या एक मावशी बसल्या होत्या. मांडीवर चटणीची पुडी होती आणि तिच्यावर छापलेलं नाव त्या सारखं पदरानं पुसत होत्या. का, ते मला कळेना.

त्यांच्या बचत गटाच्या चटणीचं ते नाव माधवनगरच्या एका व्यापाऱ्यानं उचललं होतं. म्हणून त्या ट्रेडमार्क घ्यायला आल्या होत्या. नावावर कुणाची मालकी असावी, हे चळवळीची पत्रकं वाटत वाढलेल्या मला मुळातच पटत नाही.

"मावशी, चटणी चांगली असली की झालं. नावासाठी एवढं कशाला?"

"लय शिकलायस वाटतं!" त्या हसल्या.

तेवढ्यात वकिलांनी पुडी हातात घेतली. "व्यापाऱ्यानं आधीच अर्ज केलाय, मावशी. भांडावं लागेल. दुसरं नाव घ्या, लवकर मिळेल."

मावशींचं हसू गेलं. "आवं, ह्ये माझं म्हायेरचं नाव हाय. लग्नात तांदळात अंगठीनं दुसरं लिवलं, तवा गप बसले. परत कुणी ह्या नावानं हाक मारली न्हाई. आता दुकानात बाया ह्याच नावानं चटणी मागत्यात. न्हाई बदलायचं!"

वकिलांनी व्यापाऱ्याविरुद्ध हरकतीचे कागद काढले.

निघताना मी मावशींकडे एक पुडी मागितली, तिच्यावरचं नाव घेऊन.

त्यांनी आधी ओ दिली, मग पुडी.