आईची खोली, करारानुसार

आधी कबूल करा, हसणार नाही. नाही करत? बरं, हसा. माझी लायकीच तेवढी आहे.

दादा गेला त्याला पाच महिने झाले. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. सगळे काहीबाही कबूल करून थकले. मला सहन होईना. मी ओरडलो, "दादा, आईची खोली मी बांधतो!" आईचे गुडघे गेलेत. गोडदेवच्या आमच्या घरामागे तिला एक खोली, आतच संडास, आणि कुठे पायरी नाही की उंबरठा नाही, एवढं दादाच्या मनात होतं.

लगेच शिवला ना कावळा! आता बांधणं आलं.

दादा म्हणायचा, तोंडी काही करायचं नाही, कागद करायचा. म्हणून मी, सातवीत शाळा सोडलेला माणूस, ठेकेदार रामनरेशला घेऊन टायपिंगवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "स्टॅम्पपेपरवर करू. काम काय, माल कोणता, किती दिवसांत, सगळं लिहू. दोन साक्षीदार आणा. नकाशा जोडा आणि पानापानावर सह्या करा."

"आणि लिहा," मी टेबलावर हात आपटला, "नकाशात आहे तसंच काम! तोंडी बदल चालणार नाही. बदल हवा तर लेखी, दोघांच्या सहीने!"

काय सांगू, वकील झाल्यासारखं वाटलं!

दादाच्या फायलीत दोन नकाशे निघाले. एक लग्नपत्रिकेच्या मागे, नुसता चौकोन. दुसरा मोठ्या कागदावर, रंगीत पेन्सिलने, मापंबिपं टाकून. माझा दादा आईसाठी नुसता चौकोन काढेल? शक्यच नाही! मोठा जोडला. वाचला का? नाही. दादाचं अक्षर दिसलं की मला पुढचं दिसत नाही. सही ठोकली.

काम सुरू झालं. आईला धुळीचा त्रास नको म्हणून आम्ही सगळे हाटकेशला मावशीकडे राहायला गेलो. मी दिवसभर टेम्पोवर. रामनरेशचा फोन आला.

"भैया, ये तीन सीढ़ी..."

"कागज में है?"

"है तो सही, लेकिन..."

"फिर?" फोन कट. म्हटलं, गच्चीची असेल.

चार दिवसांनी परत. "भैया, ये खंभे गोल..."

"कागज में गोल है?"

"गोल है."

"तो मेरा दिमाग क्यों खाता है?"

तिसऱ्यांदा बिचारा घाबरतच बोलला, "भैया, चूहा भी रखना है क्या?"

म्हटलं, याला ऊन लागलंय. पुन्हा फोन कट.

पंधरा दिवसांनी आईला आणि वहिनीला मोठ्या ऐटीत खोली दाखवायला नेलं. आणि बघतो तर काय! तीन पायऱ्या. वर चौथरा. दोन गोल खांब, त्यांच्यावर कमान, कमानीला महिरप. पुढे भिंतच नाही! आणि संडास? तो नकाशातच नव्हता.

आई काठी धरून खाली उभी. "वर कशी चढू रे मी?"

मी रामनरेशच्या अंगावर धावलो. त्याने शांतपणे पिशवीतून करार काढला. "हर पन्ने पे आपका साइन है, भैया. मैंने तीन बार फोन किया."

वहिनीने नकाशा हातात घेतला. तिचे खांदे हलायला लागले. वाटलं, रडतेय. हसत होती हो! पाच महिन्यांत पहिल्यांदा.

"भावोजी, हे गल्लीतल्या गणपतीचं मखर आहे! बघा, खाली लिहिलंय, 'उंदीर डावीकडे'."

आईपण हसली, मग पदर डोळ्यांना लावला. "माझ्या पोराने काढलंय छान," एवढंच बोलली.

मला तर वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं! मी ओरडलो, "तोड सगळं! आत्ताच्या आत्ता!"

रामनरेश हलेना. "मुँहजबानी बदलाव नहीं चलेगा, भैया. आपने ही लिखवाया है."

शेवटी वहिनीनेच पत्रिकेमागचा चौकोन घरातून शोधून आणला. मधल्या पायरीवर बसून सुवाच्य अक्षरात लिहायला घेतलं. खांब, कमान काढणे. खोली जमिनीलगत, उंबरठा नको, संडास आत. पायऱ्या भावोजींनी स्वतः फोडणे. रामनरेशने सही केली. तिने कागद माझ्यापुढे धरला. मी झटक्यात सही ठोकली.

"वाचलंत?"

"तू लिहिलंयस, त्यात काय वाचायचं?"

मग तिने शेवटचं कलम मोठ्याने वाचून दाखवलं, "यापुढे या घराच्या कामात भावोजींची सही कुठेही धरली जाणार नाही, आणि हे त्यांना मान्य आहे."