घरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचले आणि मनातल्या मनात लिहिणाऱ्याची उलटतपासणी घेतली. खोटं कशाला बोलू! माझं कामच तसलं आहे. उरवड्याच्या एका कंपनीत मी कॅलिब्रेशन बघतो — म्हणजे मोजायची साधनं बरोबर मोजतायत की नाही, हे तपासायचं. व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्रेशर गेज... बावीस वर्षं झाली. कुणी भूत-बित, शकुन-बिकुन सांगायला लागलं की मी विचारायचो, "रीडिंग किती आलं?" मित्र वैतागायचे. आता मी स्वतःच लिहायला बसलोय, आणि माझ्याकडे रीडिंग आहे. वहीत लिहिलेलं. उत्तर तेवढं नाही.

आम्ही कासार आंबोलीचे. पौड रस्त्याच्या फाट्यापासून घर आत, चालत पंधरा-एक मिनिटं. एका बाजूला आमची भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला पुण्याच्या लोकांचे शनिवार-रविवारचे बंगले. घरात आई, बायको अश्विनी आणि मी. मुलगी शिकायला पुण्यात असते, वडील नाहीत.

स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक जुनं भिंतीवरचं घड्याळ होतं. त्याची काच केव्हाच फुटली होती. मी कंपनीत लागलो तेव्हापासून आईनं ते पंधरा मिनिटं पुढे ठेवलं, कारण फर्स्ट शिफ्टची कंपनीची बस फाट्यावर सहा-वीसला येते आणि कुणासाठी थांबत नाही. आमच्याकडच्या निम्म्या घरांत हाच प्रकार आहे. घरच्या घड्याळात सव्वासहा झाले की डबा उचलायचा आणि निघायचं. घड्याळाचा सेल बदलला की आई आधी बरोबर वेळ लावायची आणि मग बोटानं मिनिटकाटा पाव वर्तुळ पुढे सरकवायची. ते काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं मला दोन महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं. नवं मेजरिंग मशीन यायचं होतं, त्याचं ट्रेनिंग. स्टुटगार्टजवळचं एक छोटं गाव, नोव्हेंबर-डिसेंबरची थंडी. निघताना मेहुण्यानं दोन तबकड्यांचं घड्याळ दिलं. मोठी तबकडी तिथल्या वेळेची, आत एक छोटी तबकडी घरच्या वेळेची. आतली मशीनही दोन, सेलही दोन आणि बाजूला चाव्याही दोन. मला ते भलतंच आवडलं.

छोटी तबकडी मी मोबाइलवर बघून लावत होतो, तर आई म्हणाली, "मोबाइलवर नगं. घरची येळ घरच्याच घड्याळावर लाव. मंग आमी काय करतोय ते तुला तितं कळंल."

कॅलिब्रेशनवाल्या माणसानं चुकीच्या घड्याळावरून घड्याळ लावायचं! पण निघायच्या दिवशी आईशी वाद कशाला, म्हणून लावलं. पंधरा मिनिटं पुढे. खरं सांगायचं तर विमानात त्या छोट्या काट्यांकडे बघून मला बरंही वाटलं.

पहिले पाच आठवडे सुरळीत गेले. सहाव्या आठवड्यात एका सकाळी छोटी तबकडी पंधरा मिनिटं जास्त पुढे दिसली, म्हणजे भारतातल्या खऱ्या वेळेच्या अर्धा तास पुढे. जाकिटाच्या बाहीत चावी अडकली असेल म्हणून सोडून दिलं; रात्रीतून काटा जागेवर आला होता. तीन दिवसांनी पुन्हा तेच. मग दोनच दिवसांनी पुन्हा. सवयीप्रमाणे मी वहीत लिहायला लागलो: वार, वेळ, फरक. फरक दर वेळी पंधरा मिनिटं. कधी चौदा नाही, कधी सोळा नाही. बिघाड इतका नेमका नसतो, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. तरीही मी बाहीलाच दोष देत राहिलो.

पुढच्या रविवारी मुद्दाम काहीच दुरुस्त न करता घरी व्हिडिओ कॉल लावला. छोटी तबकडी तेव्हा पाऊण तास पुढे होती. आई स्वयंपाकघरात बसून नाचणीच्या भाकरीबद्दल काहीतरी सांगत होती, आणि तिच्या डोक्यामागे भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. मी त्याच्याकडे बघितलं, मग मनगटाकडे बघितलं. दोन्हीकडे एक वाजून वीस. मोबाइल भारताची वेळ सांगत होता बारा पस्तीस.

आईचं पुढचं बोलणं मी ऐकलंच नाही.

संध्याकाळी अश्विनीला एकटीला फोन केला. ती पिरंगुटच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, सकाळी जाते ती संध्याकाळी येते. ती म्हणाली, मी तर मोबाइलवरच वेळ बघते, पण हो, घड्याळ फारच पुढे गेलेलं दिसलं म्हणून दोनदा मागे केलं. कोणत्या दिवशी, मी विचारलं. तिनं सांगितलं. मी वही उघडली. त्या दोन्ही दिवशी माझ्या मनगटावरचा काटाही मागे आला होता. मला वाटलं होतं की मीच झोपेत लावला असेल. अश्विनी म्हणाली, "अहो, आई विसरायला लागल्यात. घड्याळ पुढे केलंय हे लक्षात राहत नाही त्यांच्या, म्हणून पुन्हा करतात. आमटीत मीठ तीनदा पडतं. तुम्ही लांब आहात, म्हणून बोलले नाही."

आता सांगतो, त्या क्षणी मला घड्याळाचं काही वाटलं नाही. आईचं वाटलं. वीस वर्षं माझी एक बस चुकू दिली नाही त्या बाईनं, आणि मी साडेचार तास मागे असलेल्या देशात बसून तिच्या विसरण्याचं रीडिंग घेत होतो. परत यायला अजून बारा दिवस होते. आल्यावर डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. तोवर दिवसा लक्ष ठेवायला शेजारच्या किसनकाकांना आणि त्यांच्या सुनेला सांगून ठेवलं.

त्यानंतरच्या गुरुवारची गोष्ट. तिथले सकाळचे सव्वानऊ, म्हणजे आपल्याकडे पावणेदोन. मी मशीनसमोर उभा होतो. शेजारी मार्टिन नावाचा तिथला इंजिनिअर होता. सहज मनगटाकडे लक्ष गेलं. छोट्या तबकडीत दोन वाजायला हवे होते, तिथं साडेतीन वाजले होते. मी बघत असतानाच मिनिटकाटा हलला. सेलवरचा काटा टिकटिक करत जातो, तसा नाही. कुणीतरी बोटानं ढकलावा तसा, जरा अडखळत, पाव वर्तुळ. थांबला. थोड्या वेळानं पुन्हा पाव वर्तुळ. मग पुन्हा...

मार्टिननंही ते बघितलं. तो हसून म्हणाला, घड्याळ बिघडलंय तुझं. चार वाजले, पाच वाजले, सहा वाजले. काटा सव्वासहावर आला आणि ढकलणं थांबलं. त्यानंतर तो गुमान नेहमीसारखा चालायला लागला.

सव्वासहा. छोट्या तबकडीला सकाळ-दुपार कळत नाही. भिंतीवरच्या घड्याळालाही नाही. आणि आईलाही आता कळत नसणार, हे माझ्या डोक्यात आलं तसा मी फोन काढला. आईचा फोन नुसता वाजत राहिला. अश्विनीला पिरंगुटहून घरी पोचायला वेळ लागला असता. मी किसनकाकांना लावला. ते आणि त्यांची सून खळ्यावर भात झोडत होते. मी एवढंच म्हणालो, "काका, घरी जाऊ नका. सरळ फाट्यावर जा. आई तिकडे गेलीय."

"तुला तितं कसं कळलं रं?" ते म्हणाले. पण गाडीला किक मारल्याचा आवाज लगेच आला, एवढा भला माणूस.

पुढची दहा मिनिटं मी त्या चकचकीत हॉलमध्ये नुसता उभा होतो. आमचा फाटा ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. रस्ता रुंद झाल्यापासून खडीचे डंपर तिथून असे जातात की धडधाकट माणूससुद्धा दोनदा बघून मगच पाय टाकतो. आई आयुष्यात देवाला काही मागत नसे, मीही कधी मागितलं नव्हतं. त्या दहा मिनिटांत मागितलं.

काकांचा फोन आला तेव्हा त्यांना धाप लागली होती. "सापडली. रस्त्याच्या पार मदी उबी व्हती बग, जुना थांबा व्हता ना, तितं. डंपरवाला बोंबलत व्हता, हिला पत्त्याच न्हाई. हातात तुजा डबा हाय. मला म्हनती, पोरगं डबा इसरून गेलं, बस गेली का?"

मी विचारलं, डब्यात काय आहे. काय म्हणून विचारलं, देव जाणे. काका म्हणाले, "काय न्हाई. रिकामाच हाय."

कंपनीला सांगून मी चार दिवसांत परत आलो. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. स्मृती जाण्याचा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल, म्हणाले. भिंतीवरचं घड्याळ अश्विनीनं उतरवलं, सेल काढून माळ्यावर टाकलं. आईनं दोन दिवस ते शोधलं आणि मग विचारायचं सोडलं. किसनकाकांची सून दिवसभर तिच्यापाशी असते.

मनगटावरच्या घड्याळाचं म्हणाल तर मी माझ्या परीनं काही बाकी ठेवलं नाही. पिरंगुटच्या घड्याळवाल्यानं ते माझ्यासमोर उघडलं. दोन्ही मशीन वेगळी, दोन्ही ठणठणीत, आणि छोटीची चावी इतकी कडक की नखानं ओढल्याशिवाय काटा हलणारच नाही. मग ते आठ दिवस आमच्या लॅबच्या कपाटात ठेवून दर तासाला रीडिंग घेतलं. फरक शून्य. अश्विनी म्हणाली, तुमच्या मनाला कुणकुण लागली असेल. लागली असेल, पण मनाला कुणकुण लागून काटा फिरत नाही, आणि तो मार्टिनला दिसत तर मुळीच नाही. पावणेदोन वर्षं मग काही झालं नाही. मीही हळूहळू स्वतःलाच योगायोग वगैरे सांगायला लागलो.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, कंपनीत गेज तपासताना छोटा काटा पाव वर्तुळ सरकला.

मी गेटपास न घेता निघालो. डोक्यात एकच, की घरात तर आता घड्याळ नाही. पोचलो तेव्हा किसनकाकांची सून अंगणात कपडे वाळत घालत होती. आत्या आत आहेत, बऱ्या आहेत, म्हणाली. मी आत गेलो. आई स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीकडे तोंड करून उभी होती. भिंतीवर नुसता खिळा. आणि तिचं बोट हवेत, खिळ्याच्या खाली वीतभर अंतरावर, अगदी सावकाश पाव वर्तुळ फिरत होतं. मी मनगटाकडे बघितलं. काटा तिच्या बोटाबरोबर चालला होता.

"आई, काय करतेस?" मी विचारलं.

ती वळली. माझ्याकडे बघून पदर सारखा केला, परक्या माणसासमोर करतात तसा.

"तुमी बसा जरा," ती म्हणाली. "माज्या पोराची बस चुकंल, म्हनून पुडं करतीया. त्यो येवडा गेला की मंग च्या टाकते तुमास्नी."

मी बसलो. दुसरं काय करणार? ती पुन्हा भिंतीकडे वळली. मी तिथंच बसून रडलो आणि तिला ते दिसलं नाही.

हे असं कसं होतं, मला माहीत नाही. कुणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा, मी वही घेऊन येईन, वाटेल तेवढ्या शंका विचारीन. फक्त घड्याळ दुरुस्त करायचा उपाय कुणी सुचवू नका. आई आता मला ओळखत नाही. पण दिवसातून एखाद वेळी ती माझी काळजी करते, आणि ती कधी करते ते मला कळतं.