मेलेलं पाणी

पनवेलमध्ये माझ्या मोठ्या बहिणीचे ब्यूटी पार्लर होते. राहत्या घराची पुढची खोली, दोन खुर्च्या, एक पलंग, मध्ये फुलाफुलांचा पडदा. दोन हजार दहाच्या आसपास तिथे मृत समुद्राच्या क्षारांचे फेशियल सुरू झाले. तेव्हा वाशीच्या मॉलमध्ये अशा वस्तूंचे गाळे दिसू लागले होते. गाळ्यावरच्या मुली येणाऱ्याजाणाऱ्याचा हात धरून त्यावर क्षार चोळत, पाण्याने धुवत आणि दोन्ही हात शेजारी ठेवून फरक बघायला सांगत. ताईने तसलाच माल मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून आणला. निळ्या बाटल्या खिडकीत ओळीने लागल्या.

एप्रिलमधल्या एका शनिवारी माझी सुट्टी होती आणि मी तिच्याकडे होते. सकाळी खाडीकडच्या गावातून एक नवरी मुलगी आईबरोबर आली. दुपारी घरची हळद, दुसऱ्या दिवशी लग्न. नवरा रोडपालीचा. मुलगी पनवेलच्याच कॉलेजात शिकलेली, कळंबोलीच्या एका ऑफिसात कामाला होती. तिचे वॅक्सिंग झाले, भुवया झाल्या, ब्लीच झाले. लग्नाचा मेकअप दुसऱ्या दिवशी ताईच करणार होती. मुलीची आई खुर्चीच्या कडेवर बसून बाटल्यांकडे बघत होती.

"ह्ये निळं काय गो?" तिने विचारले.

"मृत समुद्राचं पाणी आहे, मावशी," ताई म्हणाली. "लांब परदेशात एक समुद्र आहे. इतका खारट, की त्यात मासा जगत नाही. म्हणून मेलेला समुद्र म्हणतात."

"मासाच नाय तं मंग तिकडच्या कोळणी काय, शेपू विकतात?"

"पाणी विकतात. हे बघा ना."

मुलगी डोळे मिटल्यामिटल्या हसली. "आई, त्यांना काम करू दे."

"मी काय काम आडवलं? विचारतंय नुसतं." आईने बाटली उजेडात धरली. "दाट असतं का त्ये? हाताला तेलावानी लागतं?"

"हो, अगदी तसंच."

"म्हंजे आमचं मेलेलं पाणी."

त्यांचे मिठागर होते. वाफ्यातले खाडीचे पाणी उन्हाने आटते, मीठ तळाशी बसते, ते ओढून घेतले की वर थोडे दाट, बुळबुळीत, कडू पाणी राहते. त्यातून आणखी मीठ निघत नाही. त्या घरात त्याला मेलेलं पाणी म्हणत. थोडे अंगणात शिंपत, त्याने धूळ बसते. बाकीचे ओहोटीच्या वेळी खाडीत सोडून देत.

ताईने धाग्याचे रीळ खणात टाकले. "तेच समजा," ती म्हणाली.

हे दोन शब्द तिच्या तोंडी कायम असत. गिऱ्हाइकाने क्रीमला साय म्हटले, मुलतानी मातीला गोपीचंदन म्हटले, की ती तेच समजा म्हणून पुढच्या कामाला लागे. कोणाचे त्यात काही बिघडत नव्हते.

"आमी ते फेकतो आनि लोक बाटलीत भरतात," आई म्हणाली. जाताना तिने दारातून पुन्हा एकदा खिडकीकडे पाहिले.

दुपारी चहाच्या सुमाराला फोन वाजला. ताईने उचलला आणि तिचा चेहरा उतरला. नवरीची आत्या बोलत होती. आवाज इतका मोठा होता की समोर बसून मला ऐकू येत होता. "मॅडम, काय लावलंत आमच्या पोरीला? भाजलीय ती. बाजारपेठेत डॉक्टरकडं आणलीय, या आता बघायला."

आम्ही रिक्षाने गेलो. दवाखान्याची वेळ झाली नव्हती, पण डॉक्टर वरच राहत असल्याने खाली आले होते. मुलगी आतल्या बाकावर बसली होती. पिवळी साडी ओली होती, केसांतून पाणी गळत होते. सकाळी पार्लरमधून गेलेला चेहरा आणि हा चेहरा यांचा संबंध लागेना. गाल, हनुवटी आणि गळा लालभडक झाला होता. वरच्या ओठावर आणि दंडांवर बारीक फोड धरले होते. जिथे जिथे सकाळी वॅक्स लागले होते, तिथे तिथे रेघ मारल्यासारखी कड दिसत होती. कानांच्या मागे हळद तशीच राहिली होती. ती रडत नव्हती. हात गुडघ्यांवर उलटे ठेवून, कशालाही न टेकता बसली होती.

ताई दारातच थांबली. मी बातमीदार, कामात भाजलेली माणसे पाहिली होती. तरीही मला पुढे जाता आले नाही.

"काय काय वापरलं?" डॉक्टरांनी ताईला विचारले. तिने सांगितले. आवाज सरळ होता. सगळे नेहमीचे होते. त्याच डब्यातले ब्लीच तिने आदल्या दिवशी आणखी दोघींना लावले होते.

"मंग काय हलदीनं भाजली?" आत्या म्हणाली. "पिढ्यान् पिढ्या हलद लावतो आमी. आजवर कोन भाजलं नाय. उद्या रोडपालीचे लोक विचारतील, तोंडाला काय झालं, तेव्हा यांचंच नाव सांगनार. बघू कोन येतं मंग यांच्याकडं."

त्या गावांतल्या नवरी मुलींवरच ताईचे पार्लर चालत होते.

"हळदीत काय कालवलं होतं?" डॉक्टरांनी विचारले.

"दूद. दुसरं काय घालतात?" आत्या म्हणाली.

"दूद नाय घातलं," आई म्हणाली. ती तोवर भिंतीला टेकून उभी होती. "मेलेलं पाणी घातलं."

आत्या वळून तिच्याकडे बघत राहिली.

"मिठागराचं. परवाच काडून ठेवलं व्हतं, अंगनात शिंपायला. लुगड्यातून गाळलं. चांगलं सोच्छ पाणी व्हतं." मग ताईकडे बघून, तक्रारीचा सूरही न लावता, ती म्हणाली, "तुमीच बोललात ना बाय, तेच हाय म्हनून."

ताई स्टुलावर बसली.

डॉक्टरांना काही कळेना. मी त्यांना सकाळचे संभाषण सांगितले. बाटलीत ते क्षार चमचाभर असले तर असतील, त्यांनी सांगितले, बाकी साधे पाणी. मिठागराच्या वाफ्यात शेवटी राहते ते त्याच जातीचे, पण कित्येक पट कडक. वॅक्सिंगने सोललेल्या कातडीवर ते लावायचे आणि हळदीच्या लेपाखाली वाळू द्यायचे, म्हणजे जखमेवरच ओतण्यासारखे.

"मना वाटलं," आई म्हणाली, "दुसऱ्याच्या समुद्राचं कशाला, आपलं असताना. यंदा शेवटचंच हाय ते. पुढच्या साली भराव पडनार मिठागरात. पोरीच्या अंगाला लागलं असतं."

मुलीने मान वर केली. "लागलं म्हणून ओरडत होते ना मी. तुम्ही सगळ्या गाणी म्हणत होतात."



तोंडाला कायमचे काही होणार नाही, डॉक्टर म्हणाले. डाग राहणार नाहीत, पण उद्या मेकअप नाही, पावडरसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी लग्न ठरलेल्या मुहूर्तावर लागले. नवरी लाल, मलमाने तेलकट चेहऱ्याने उभी राहिली आणि फोटोवाल्याने जमेल तितके दुरून फोटो काढले. रोडपालीच्या बायकांनी विचारले तेव्हा आईने सरळ सांगितले, की हळद मी कालवली. ताईने ते स्वतःच्या कानांनी ऐकले. पार्लर पुढेही चालू राहिले.

पण हे सगळे दुसऱ्या दिवशीचे. त्या दुपारी दवाखान्यात आणखी एक गोष्ट झाली.

चिठ्ठी लिहिता लिहिता डॉक्टर जरा रागाने म्हणाले, "निदान आधी स्वतःच्या हातावर लावून बघायचं होतं."

"बघितलं ना," आई म्हणाली. "आमी काय येड्या हाव? दोनी हातांना चोळलं. तसंच ठेवलं, मंग जेवनाची भांडी घासली. काय पन नाय झालं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि तिचे हात पुढे घेतले. आम्ही सगळेच वाकलो. तळव्यांवर आणि बोटांच्या पेरांवर उभ्या भेगा होत्या, काही आतून ओल्या, लाल. कडा मिठाने पांढऱ्या पडलेल्या. अशा हातांना ते पाणी मुलीच्या गालांपेक्षा जास्त झोंबायला हवे होते.

"मावशी, तिकडे खिडकीकडे बघा," ते म्हणाले. त्यांनी स्पिरिटचा बोळा एका उघड्या भेगेत दाबला. दवाखानाभर वास पसरला. आई खिडकीबाहेर बघत राहिली.

"झोंबतं का?"

"काय?"

त्यांनी बोळा दुसऱ्या हाताला लावला. तिने तोंड वळवले नाही. आत्याने पदर तोंडाला लावला.

"पाय?" डॉक्टरांनी विचारले.

"पायांचं काय? चप्पल कदी निसटते ते कलत नाय. वय झालं."

ती पन्नाशीचीही नसावी. रक्तातली साखर कधी तपासली आहे का, त्यांनी विचारले. तिने नाही म्हटले. लग्न होऊ दे, मग बघू. ती उठलीसुद्धा. तेव्हा मुलीने बाकावरूनच तिचा पदर धरला. "आई, बस. आत्ता. नाहीतर मी इथून उठत नाही."

"अगो, घरात मांडव—"

"बस म्हणतेय ना."

आई बसली. कंपाउंडरने साखर मोजायचे छोटे यंत्र आणले, तिचे बोट धरले. तिचे लक्ष मुलीच्या चेहऱ्याकडे होते. फोड मोजत असल्यासारखी ती बघत होती. सुई टोचली गेली. भेगांच्या मधल्या कातडीवर रक्ताचा थेंब फुगला आणि पट्टीवर उतरला.

"टोच ना, दादा," ती मुलीवरची नजर न काढता म्हणाली. "आमाला घाई हाय."

मुलगी त्या थेंबाकडे बघत होती. तिने सुजलेले ओठ मिटून घेतले, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच ती रडायला लागली.