केनियाचा मामा

स्वातंत्र्यानंतरची ती पहिलीच काही वर्षं. आम्ही अंबरनाथला एका बैठ्या चाळीत राहत होतो आणि वडील तिथल्याच कारखान्यात फोरमन होते. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या हाताखाली केनियाचा एक विद्यार्थी काम शिकायला आला. मुंबईत इंजिनीअरिंगला होता. पाळी पहाटेची, त्यामुळे जवळपास जागा हवीच होती. ती मिळाली नाही तर शिक्षण अर्धवट टाकून त्याला मायदेशी परतावं लागणार होतं.

उल्हासनगरच्या कॅम्पात सिंधी कुटुंबंच गोणपाटाचे पडदे लावून एका खोलीत दोन-दोन संसार करत होती. बदलापूरला, बेलवलीत एक खोली रिकामी होती, पण याचा चेहरा बघताच ती भरली! मला तर असा संताप आला, की त्या घरमालकाच्या अंगणात जाऊन भांडावंसं वाटलं.

"आपली मागची खोली देऊ," आई म्हणाली.

आमच्या चाळीचे मालक अंगणापलीकडेच राहत. ते म्हणाले, "वहिनी, नात्यातलं माणूस खुशाल ठेवा. परका चालणार नाही."

त्यांना वाटलं, विषय मिटला. आमची आई त्यांना ठाऊकच नव्हती.

आईला भाऊ नव्हता. दर भाऊबीजेला ती अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. त्या वर्षी तिने चंद्राला सुट्टी दिली. दिवेलागणीला भर अंगणात पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि त्या विद्यार्थ्याला बसवलं. वडिलांची काळी टोपी त्याच्या दाट कुरळ्या केसांवर काही केल्या बसेना.

"मुझे क्या करना है?" त्याने घाबरून विचारलं.

"कुछ नहीं. ताई बोलेगी वो करने का," वडील म्हणाले.

आईने टिळा लावला, ओवाळलं. त्याने मनगटातली मण्यांची माळ काढून तबकात ठेवली. सगळी चाळ दारात उभी होती. आई मालकांकडे वळून ठणकावून म्हणाली, "हा माझा भाऊ. आता सांगा, परका कोण?"

मालक काही बोलणार, इतक्यात त्यांच्याच घरातून मालकीणबाई तबक घेऊन तरातरा आल्या. "सरक गं जरा. मीसुद्धा आजवर चंद्रालाच ओवाळत आले." आणि त्यांनीही त्याला ओवाळलं.

मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं. परका म्हणता म्हणता तो त्यांचाच मेहुणा होऊन बसला होता! वडील हळूच पुटपुटले, "सारी खुदाई एक तरफ, जोरू का भाई एक तरफ."

मालकीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, बघत काय उभे राहिलात? माझा भाऊ जमिनीवर झोपणार का?"

मालक आत गेले आणि घरातली चांगली खाट स्वतःच्या डोक्यावर घेऊन, सगळ्या चाळीच्या देखत, आमच्या मागच्या खोलीकडे निघाले. मी उड्या मारत टाळ्या पिटल्या. आईने डोळे वटारले, पण हसू तिलाही आवरत नव्हतं.