मायची ओली पावलं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. दादाला नाही, वहिनीला तर नाहीच. तुम्हाला सांगतो — पण आधी पावलांचं सांगू द्या, कारण ते आठवलं की आजही माझ्या अंगात वारं शिरतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. दादानं शाळा सोडून शेत धरलं, म्हणून मी अकोल्यात फिजिओथेरपी शिकलो. आमच्या गावाहून, अनसिंगहून निघायचो तेव्हा वहिनी पहाटे उठून डबा बांधायची. तिथे कॉलेजात एक पट्टी पाहिली — तिच्यावरून माणूस चालला की पाऊल कुठे किती दाबलं जातं ते पडद्यावर रंगांत उमटतं. तरुण पाऊल टाचेवर टेकतं, बाहेरच्या कडेनं पुढे सरकतं आणि अंगठ्यानं जमीन मागे ढकलतं. म्हातारपणी ते ढकलणंच मंदावतं. पाऊल आखूड होतं, सपाट पडतं. तोल जाऊ नये म्हणून दोन्ही पाय जास्त वेळ जमिनीला चिकटून राहतात. केवढं हे! रोज पायाखाली उमटतं — आणि कुणी बघत नाही?

सुट्टीत घरी आलो तो हेच डोक्यात घेऊन. पट्टी कुठून आणणार? परातीत पाणी घेतलं, मायला त्यात पाय बुडवायला लावले आणि कोरड्या फरशीवरून चालवलं.

"पुन्हा नवरी करून राह्यला काय रे मले?" माय हसत म्हणाली.

ठसे उमटले — आणि मी ओरडलोच! टाच ठळक, चवडा पुसट, अंगठा जवळजवळ नाहीच. पुस्तकातलं चित्र, माझ्याच घरात! पण ती भिंतीला हात लावून चालत होती. भिंतीनं भार घेतला, तर ठसा खरा कसा?

"धरू दे ना बापा," ती म्हणाली.

मी नाही धरू दिली. ज्या पायाचा अंगठा जमीन धरत नाही त्याला आधार लागतो — हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. तेच तर मी बघत होतो.

पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं.

मी परात मोरीत नेऊन पालथी घातली. मायला उचलायच्या आधी — की नंतर? आधी.

दादा शेतातून धावत आला. "फरशी ओली काहून?" आणि मी — घरातला शिकलेला — म्हणालो, वहिनीनं पुसून तशीच ठेवली असेल.

"मी तं सकाळीच पुसली जी," वहिनी म्हणाली. "तवाच वाळली."

दादा तिला नाही नाही ते बोलला. मायनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. त्याबद्दल तिनं आजवर तोंड उघडलेलं नाही.

माय आता चालते. चवड्यावर उभं राहणं, पायाच्या बोटांनी रुमाल ओढणं — सगळं मीच करून घेतलं. गेल्या आठवड्यात ती न्हाणीतून बाहेर आली आणि फरशीवर अंगठा उमटला — गोल, पुरा! मी नाचलोच. दादानं शेजाऱ्यांना हाका मारल्या, "या, पाहा! माह्या भावानं मायले उभं केलं!"

तेवढ्यात वहिनी फडकं घेऊन आली. माय पडली त्या दिवसापासून, माय उठली की वहिनी पुढे होऊन वाट पुसते. तिनं तो ठसा पुसला. मग पुढची फरशीही पुसली — ती कोरडीच होती.

मी बघत उभा होतो.