होडीच्या सागाचा बेस

उरणच्या एका ऑर्केस्ट्रात मी बेस गिटार वाजवतो. प्लायवुडच्या बेसला आवाज नसतो, जुनं लाकूड गातं, असली पोपटपंची मोबाइलवर ऐकून माझं डोकं फिरलं. मोडीत काढलेल्या होडीची सागाची फळी मी होड्या बांधणाऱ्या सुतारकाकांपुढे टाकली, म्हटलं हिचा बेस करा. ते म्हणाले, "नको रं, दरसाल माशाचं तेल पाजलंय हिला." मी त्यांनाच शहाणपण शिकवलं. शेवटी त्यांनी बॉडी कापून दिली. तारा आणि आवाज उचलणारे पिकअप मी माझ्या जुन्या प्लायवुडच्या बेसचेच लावले.

पहिल्याच हळदीला मांडवात भयंकर उकाडा होता. दुसऱ्या गाण्यात लाकडाला तेल सुटलं आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर पोटापाशी काळा, बुळबुळीत डाग पसरला. सडक्या बोंबलासारखी घाण सुटली. गायिकेनं नाकाला पदर लावून गाणं कसंबसं संपवलं. आणि आवाज? जुन्या प्लायवुडसारखाच, तसूभरही फरक नाही! माझ्याच अकलेची मला शिसारी आली.

आता कुणी लाकडाच्या गोडव्यावर प्रवचन झोडायला लागलं, की मी तो बेस त्याच्या नाकापुढे धरतो. "ऐकायचं नंतर," म्हणतो, "आधी हुंग."