आकाशातले कळप मोजणारी मंगल

मंगल पहिल्यांदा माझ्याकडं भाड्याची खोली बघायला आली, तेव्हा नळाला पाणी किती वेळ येतं हे तिनं विचारलंच नाही. अंगणातल्या दोरीवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "आजी, एक चिमटा कमी हाय. टॉवेल उडंल." मी वर बघेपर्यंत टॉवेल शेजारच्या पपईवर! म्हटलं, बाई, तू राहायला येच.

ती आटपाडीकडची, मेंढपाळाच्या घरातली. तिचे वडील कळपावरून एकदा नजर फिरवून कोण मागं राहिलंय ते सांगायचे म्हणे. आमच्या वाईच्या कॉलेजात ती शिकवायची आणि पुण्याच्या एका सरांबरोबर संशोधन करायची. कसलं, तर आकाशातले दीर्घिकांचे समूह मोजायचं.

मी चौथी शिकलेली, पुढचं सगळं वाचनालयानं शिकवलं. एक्स-रे म्हटलं की मला माझं मोडलेलं मनगटच आठवतं. तिनं समजावलं, "आपल्या आकाशगंगेवानी शेकडो एका जागी जमत्यात. त्यांच्या मधी वायू असतोय, लय तापलेला. त्यातनं एक्स-रे निघत्यात. पण आपली हवा त्यांस्नी खाली येऊ देत न्हाई, म्हणून दुर्बीण वर अवकाशात."

"आणि मोजून काय मिळतं गं?"

"लांबचं बघितलं म्हंजी जुनं दिसतंय. कवा किती कळप व्हते ते कळलं, की हे विश्व कसं वाढत आलं ते कळतंय."

मग मीही मटार सोलता सोलता तिच्या पडद्याकडं बघायला लागले. समूह असला तर तेल सांडल्यासारखा पसरट डाग दिसायचा. एकटीच झगझगीत दीर्घिका असली तर बारीक टिंब. "हा पसरलाय, हे टिंब," असं मी ठोकून द्यायची. "आजी, तुमाला नोकरीच लावते," मंगल म्हणायची.

तिच्या यादीत एक फिकट डाग होता, सगळ्यांत लांबचा. त्याच्याच जोरावर सर तिला जर्मनीला भाषणाला पाठवणार होते. व्हिसा आला होता, स्वेटर घेऊन झाला होता. एका संध्याकाळी बघते, तर भाकरी ताटात तशीच. दुसऱ्या दुर्बिणीचं जास्त स्पष्ट चित्र तिनं मागवलं होतं. त्यात तो डाग नव्हताच, नुसतं टिंब होतं.

"सरांनी बघितलंय का?"

"न्हाई."

"मग तूही बघितलं नाहीस!" मी म्हटलं. खोटं कशाला सांगू, म्हटलंच.

ती हसली. "आवं आजी, मेंढरांत कुत्रं मोजलं तर आकडा बराबर येतोय. पण एक मेंढरू रानातच ऱ्हातंय." आणि माझ्यासमोर तिनं सरांना फोन लावला. सर म्हणाले, तो डाग यादीतून काढ. भाषणाला आता दुसरं कुणी जाईल. फोन ठेवला आणि ती गार भाकरी खाऊन टाकली पोरीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचे वडील दारात. परदेशातल्या थंडीसाठी तीन एसट्या बदलून नवं घोंगडं घेऊन आलेले. मंगलनं उंबऱ्यातच सांगून टाकलं, "बा, माजं जाणं ऱ्हायलं. कळप म्हणून धरलं, ते एकटंच निघालं."

"तू हुडकलंस का दुसऱ्यानं?"

"मीच."

"मग झालं की!" म्हातारा खाली टेकला आणि घोंगडं माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "आक्का, हे तुमी घ्या. आन् वाईच च्या टाका."

दोन वर्षांनी त्याच सरांनी शिफारस केली आणि मंगल जर्मनीला गेली, भाषणाला नव्हे, नोकरीला. स्टँडवर मी घोंगडं तिच्या खांद्यावर टाकलं, तर तिनं परत माझ्याच अंगावर घातलं. "बानं तुमाला दिलंय. तिकडं हिटर हाय मला."

पौषात मी तेच पांघरते. टोचतं मेलं फार. पण थंडीची जवळ यायची छाती होत नाही.